आधी पत्रे काढा

पणजीतल्या मळा नावाच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरात एक खोली होती. तिला नाव नव्हतं, फक्त पत्ता होता: काळोखात. 'डबा काळोखातल्या फळीवर आहे', 'सायकल काळोखात लाव', 'पोरं काळोखात लपलीत'. भर दुपारी बाराला तिथे पिवळा बल्ब लागायचा. आजीला तांदूळ निवडायचे असले की ती सूप घेऊन रस्त्याकडच्या पायरीवर येऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत खडे बाजूला काढायची. लहानपणी माझी समजूत अशी, की जुनं घर म्हटलं की काळोख आलाच.

बऱ्याच उशिरा कळलं, की ती मुळात खोली नव्हतीच. तो चौक होता. आजोबांच्या मागे तिघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, मधल्या काकांना स्वयंपाकघर हवं होतं, म्हणून चौकावर सिमेंटचे पत्रे पडले. तुळस परसात गेली. पागोळ्यांचं पाणी जिथून परसाकडे जायचं ती मोरी बुजवून वर कोबा केला. त्या एका उन्हाळ्यात घराचा उजेड गेला आणि पुढची पन्नास वर्षं आम्ही घरालाच नावं ठेवत राहिलो.

हे आता उकरून काढायचं कारण म्हणजे गोव्यात सध्या जुन्या, भिंतीला भिंत लागलेल्या घरांना उजळवून टाकायचं काम जोरात आहे. पणजीच्या फोंतेन्हासात आहे, म्हापशात आहे, मडगावात आहे. फोटो पाहिला की ओळखू येतो: पांढऱ्या भिंती, मधले आडोसे काढून केलेला एकच लांबलचक दिवाणखाना, डोक्यावर काच, खाली कुंडीत चाफा आणि एक जुनी आरामखुर्ची, जिच्यावर कुणी बसत नसावं. गंमत म्हणजे पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असायचा. लोकांनी आपली घरं पिवळी, निळी, तांबडी रंगवायची आणि पावसाळा सरला की दरवर्षी नव्याने रंग काढायचा, असा दंडक होता. आजची घरं बाहेरून वारशाची पिवळी आणि आतून इस्पितळासारखी पांढरी.

उजेडाला माझा विरोध नाही. काळोखात वाढलेल्या माणसाला उजेडाची किंमत कुणी शिकवायला नको. पण या घरांतला बराचसा काळोख पोर्तुगीजांच्या काळातला नाही आणि पणजोबांच्याही काळातला नाही. तो गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपण पत्रे, प्लायवूड आणि स्लॅब घालून तयार केला आहे. तेव्हा घर उजळायचं तर आधी काय काढायचं ते बघावं, काय घालायचं ते नंतर. आणि जो काढतो त्याला नियमांनी हात द्यावा. सध्या नियम बघतात घराच्या तोंडाकडे, आणि पोटात काय चाललंय ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून देतात.

अशा घराचं गणित तसं सरळ आहे. फोंतेन्हास आणि मळा ही वस्ती आल्तिनोची टेकडी आणि ओरेम खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वाढली. 1843 साली पणजी राजधानी झाल्यावर तिथली जागा आणखीच मोलाची झाली. म्हणून घराचं तोंड अरुंद आणि पोट लांब. आमचं घर रस्त्यावर अठरा फूट, आत साठ फूट. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, तिथे खिडकीचा प्रश्नच नाही. आर्किटेक्ट लोकांचा एक ठोकताळा आहे: खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामाचा उजेड पोचतो. कड आठ फुटांवर असेल तर सोळा ते वीस फूट. पुढून वीस, मागून वीस, मधले वीस फूट उरतात. जुन्या मेस्तांनी, म्हणजे मिस्त्र्यांनी, हा ठोकताळा कुठे वाचला नसेल, पण नेमका त्या मधल्या वीस फुटांतच त्यांनी चौक टाकला होता. मोठ्या हिंदू घरांत त्याला राजांगण म्हणतात, भोवती खांब, मधे वृंदावन. आमच्यासारख्या ओळीतल्या घरात तो आठ बाय दहाचा खळगा. पण काम तेच: वरून आकाश, खाली ओली फरशी आणि घरातल्या गरम हवेला वर निघून जायला वाट.

जिथे चौक पोचत नाही तिथे काचेचं कौल. मंगळुरी कौलाच्याच साच्यातलं, त्याच खाचेत बसणारं, म्हणून गळायचा सवाल नाही. आमच्याकडे न्हाणीवर एक होतं आणि चुलीवर दोन. त्यातून पडणारा उन्हाचा तुकडा सकाळी भिंतीवर असायचा, दुपारी चुलीच्या कट्ट्यावर. तो पाट्यापर्यंत आला की आई म्हणायची, 'आता येतील शाळेतून.' खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. त्यातून उजेड येतो पण ऊन टोचत नाही, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं दिसत नाही. रस्त्याला नाक लावून उभ्या असलेल्या घरात ही सोय केवढी मोठी, ते तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही. ज्या शिंपल्यांची ही तावदानं होत ते गोव्यात चिखलीच्या खाडीत आजही सापडतात, पण वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. म्हणजे नवी तावदानं करायला शिंपले काढायचे नाहीत, जुनी आहेत तीच जपायची. तरी घर मोकळं करताना सगळ्यात आधी बाहेर पडतात त्या याच खिडक्या. भंगारवाल्याच्या आधी अँटिकवाला दारात उभा असतो.

आता काचेच्या छपराबद्दल. ही हौस येते थंड हवेच्या ठिकाणांहून. लंडनच्या किंवा मेलबर्नच्या ओळीतल्या घराची मागची बाजू काढून काच बसवली तर त्यांचा हिवाळा सुसह्य होतो. घरात ऊन येणं ही तिथे चैन आहे. गोवा साडेपंधरा अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आडव्या काचेवर वर्षातलं सगळ्यात उभं ऊन पडतं ते नेमकं त्याच दिवसांत, जेव्हा पंख्याखालीही अंगाचं पाणी पाणी होत असतं. मग एसी आला. एसी आला म्हणजे काच कायमची बंद. मग काचेखाली पडदा, तोही मोटारीवर सरकणारा. अशा एका घरी मी मे महिन्यात गेले होते. वरचा पडदा पूर्ण ओढलेला आणि दुपारी दोन वाजता खाली आठ दिवे लागलेले. मला आमची काळोखातली खोली आठवली. आमचं एका बल्बावर भागायचं.

आणि पाऊस. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि झड आली की तोही आडवा. कौलारू छपरात भोक पाडून काच बसवली की चारी कडांना जोड आले, आणि जोड तिथे गळती. सिलिकॉनने भागतं म्हणतात. भागतं, एक-दोन पावसाळे. काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचा पत्रा घातलात तर पावसाच्या आवाजात 'आमटी वाढ' हे दोनदा ओरडावं लागतं, आणि काही वर्षांत त्यावर शेवाळ धरून घरात हिरवा उजेड पडायला लागतो. मासे पाळल्यासारखा.

काच घालायचीच तर उभी घालावी. छपराचा एक भाग दीड-दोन फूट उचलायचा, त्या उभ्या फटीत खिडकी बसवायची, वर पुढे आलेली पावळी ठेवायची. तोंड उत्तरेकडे असलेलं बरं. पण इथेही पुस्तकातला नियम जसाच्या तसा चालत नाही: मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्याच्या आधीपर्यंत गोव्यात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही पावळी लागतेच. आणि ती खिडकी उघडता आली पाहिजे. उजेड आत यायची आणि ऊब बाहेर जायची वाट एकच असली की घर निम्मं सुधारलं.

हे काही मी शोधलेलं नाही. मूळ गोमंतकीय घराण्यातल्या वास्तुकार चार्ल्स कोरियांनी 1961-62 साली अहमदाबादेत अवघं बारा फूट रुंदीचं 'ट्यूब हाऊस' उभं केलं. कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांसाठी झालेल्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याचं मर्म छपराच्या उतारात होतं: तापलेली हवा उताराच्या पोटाला धरून वर चढते, माथ्यावरच्या फटीतून निघून जाते आणि खालून दाराशी ताजी हवा ओढली जाते. ना वीज, ना यंत्र. ते घर 1995 साली पाडलं. पणजीतली कला अकादमी त्यांचीच, जिथे आम्ही नाट्यस्पर्धा बघत मोठे झालो. तिचं नूतनीकरण चालू असताना 2023च्या जुलैत खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. जुनी इमारत सुधारणं हे नवी बांधण्याहून नाजूक काम असतं, एवढं तरी त्या ढिगाऱ्याकडे बघून गोव्याने लिहून ठेवायला हरकत नव्हती.

ओळीतल्या घराच्या बाबतीत तर हा नाजूकपणा दुप्पट, कारण ते एकटं उभंच नसतं. चिऱ्याच्या दीड-दोन फुटी भिंती, मातीत नाहीतर चुन्यात रचलेल्या. माझी तुळई शेजाऱ्याच्या भिंतीत, त्याचे वासे माझ्या भिंतीवर, दोघांच्या छपरांमधली पन्हळ सामाईक. मधल्या आडव्या भिंती जागा खातात म्हणून काढल्या, की साठ फुटी लांब भिंतींना धरून ठेवणारं काही उरत नाही. छपराच्या त्रिकोणी कैचीतली आडवी तुळई 'उंची दिसायला हवी' म्हणून कापली, की वासे दोन्हीकडच्या भिंती बाहेर ढकलायला लागतात. यातली एक भिंत तुमची असते. दुसरी नसते.

आमच्या ओळीत, चार घरं सोडून, एकाने एप्रिलात घर आतून पूर्ण उतरवलं. रस्त्याकडची भिंत तेवढी राखली, कारण ती राखावीच लागते. लगतच्या घरात एक वयस्क बाई एकट्याच राहतात. त्यांची बाजूची भिंत आजवर दोन घरांच्या पोटातली भिंत होती. तिला त्या अंगाने पाऊस ठाऊकच नव्हता, त्यामुळे धड गिलावाही नव्हता. ती उघडी पडली. कंत्राटदार म्हणाला, 'मावशी, मे सरायच्या आत आमची भिंत उभी राहते.' मृग आला, भिंत आली नाही. निळी ताडपत्री आली. ती वाऱ्याने रात्रभर फडफडायची, मावशींना झोप नाही. जुलैत मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला कपाट सरकवायला लावलं आणि मागे बोट दाखवलं. दोन चिऱ्यांमधल्या मातीत मी बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. भिंतीला ओल्या खळ्याचा वास. पलीकडे आता देखणं घर आहे. खरोखर देखणं आहे, मी आत जाऊन आले आहे, जिन्यावर सकाळचा जो उजेड पडतो त्याला तोड नाही. मावशींनी भिंत स्वतःच्या पैशांनी सिमेंटने लिंपून घेतली. चिऱ्याला सिमेंट चढवलं की आतली ओल आतच कोंडते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी चुन्याचं काम करणारा मेस्त आता कुठे शोधायचा?

म्हणून मी याला हौशीची बाब म्हणायला तयार नाही. आमच्या घराच्या दुरुस्तीसाठी चुलतभावाने अर्ज केला तेव्हा कचेरीतून तीन गोष्टी विचारल्या गेल्या: कौलं तीच राहणार का, खिडक्यांचा आकार बदलणार का, रंग कोणता. तिन्ही रास्त. पण आतली कोणती भिंत निघणार, शेजाऱ्याच्या तुळया कुठे टेकल्यात, काम पावसात उघडं राहणार का, यातलं कुणी काही विचारलं नाही. उद्या आम्ही आत काचेचा मनोरा उभा केला असता तरी रस्त्यावरून पिवळी भिंत बघून सगळे वारसा जपला म्हणाले असते.

वारशाच्या घरांचंच हे दुखणं आहे असंही नाही. मी आता राहते पर्वरीला, पंचवीस वर्षांपूर्वीच्या रो-हाऊसमध्ये. पर्वरी, ताळगाव, फोंडा, कुठेही जा, नोकरदार गोंयकाराने कर्ज काढून घेतलेली ही घरं एका साच्यातून काढल्यासारखी. पुढे पोर्च, मागे दहा फुटांचं आवार, मधे जिना. पहिल्या पाच वर्षांत मागच्या आवारावर पत्रा चढतो, कारण वॉशिंग मशीन, गॅसचे सिलिंडर आणि मासळी साफ करायचा कट्टा कुठेतरी हवा. मग बाल्कनीला ॲल्युमिनियमचं स्लायडिंग. मग गच्ची गळते म्हणून गच्चीवर पत्रा. तो एकदा चढला की जिन्याच्या माथ्यावरची खिडकी त्याच्या सावलीत जाते. पंधराव्या वर्षी नवरा-बायको इंटिरियरवाल्याला बोलावतात आणि म्हणतात, घर फार अंधारं आहे हो, काहीतरी मॉडर्न करा. तो फॉल्स सीलिंग करतो आणि त्यात बत्तीस दिवे बसवतो.

आमच्याही मागे पत्रा आहे. म्हणजे होता. गेल्या वर्षी अर्धा काढला, त्या अर्ध्यात जाळी आणि मोगऱ्याचा वेल. स्वयंपाकघरात सकाळी दहापर्यंत दिवा लागत नाही. कपडे मात्र पावसात कुठे वाळवायचे हा प्रश्न सुटलेला नाही, आणि त्यावरून घरात अजून बोलणी बसतात. पत्रे माणसं उगाच घालत नाहीत, हे कबूल करायला हवं. चार महिने कोसळणाऱ्या पावसात दोन फूट कोरडी जागा म्हणजे सोनं. म्हणूनच 'काढा' म्हणणाऱ्याने कोरडी जागा कुठे मिळेल तेही सांगायला हवं: आवार पूर्ण झाकण्याऐवजी भिंतीलगत तीन फुटांची पडवी, बाकी आकाशाला मोकळं. आपली जुनी घरं हेच करत होती.

नात्यातल्या एका घरात मधल्या सगळ्या भिंती काढून, वर जिप्समचं छत करून, एकच मोठा हॉल केला. चवथ आली. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवायची चौकट, बांधायला तुळई कुठाय? आंबाडे, तोरिंगं, कवंडळं, सुपारीची शिपटी, नारळांचा घड, चिबूड, हे सगळं ओझं जिप्समला लटकवून चालत नाही. शेवटी लोखंडी स्टँड आणला, मांडववाल्याकडून भाड्याने. गणपती त्या स्टँडच्या चार पायांमधे बसला. सगळे हसले, पण घरच्या म्हाताऱ्या काकी दिवसभर गप्प होत्या. मला वाटतं, कुठली भिंत काढायची नि कुठली ठेवायची याचं उत्तर निम्म्या वेळा अशा सणांत दडलेलं असतं. वर्षातून दीड दिवस की पाच, पण त्या दिवसांत घर भरतं आणि घर कशासाठी बांधलं होतं ते दिसतं.

आता अवघड भाग. ही घरं अंधारी राहण्याचं खरं मूळ भिंतीत नसून कागदात आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आल्यामुळे वडिलार्जित घर सगळ्या मुलामुलींचं, आणि लग्नानंतर मालमत्ता सामाईक म्हणून जावयांचं नि सुनांचंही. मुलींना वाटा मिळतो ही या कायद्याची मोठी गोष्ट, तिच्याबद्दल मला अभिमानच आहे. पण तीन पिढ्या वाटणी न होता गेल्या की घरावर वीस-पंचवीस नावं होतात. एक मुंबईत, दोन पोर्तुगालच्या पासपोर्टावर इंग्लंडात, एकाचा पत्ता कुणालाच माहीत नाही. जो घरात राहतो त्याला एक पत्रा काढायचा म्हटलं तरी मनात धास्ती, उद्या कुणी विचारेल, कुणाला विचारून काढलास? म्हणून तो काहीच करत नाही. गळतं तिथे आणखी एक पत्रा टाकतो. शेवटी सगळ्यांच्या सह्या जमतात त्या एकाच कामासाठी, विकण्यासाठी. 2011च्या जनगणनेत गोव्यातल्या जवळपास पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं. त्यातली सगळी अशी नसतील, पण कुलपं पडलेली किती दारं मी ओळखते ती बोटांवर मावत नाहीत.

विकत घेणारा बाहेरचा असतो, त्याच्याकडे पैसा असतो आणि सगळी नावं एका खरेदीखतात साफ झालेली असतात. त्याला उजेड परवडतो. इथे आपले लोक चटकन 'दिल्लीवाल्यांनी गोवा नेला' म्हणून मोकळे होतात. मला ते पुरेसं प्रामाणिक वाटत नाही. फोंतेन्हासातली कितीतरी घरं आज उभी आहेत ती कुणीतरी तिथे गेस्ट हाऊस, गॅलरी, कॅफे काढला म्हणून. आपण ती पडायला सोडली होती. फक्त ज्या गल्लीत रात्री सगळ्या खिडक्यांतून प्रवाशांचा उजेड असतो आणि सोमवारी सकाळी शाळेला जाणारं एकही पोर नसतं, ती गल्ली वाचली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसऱ्या टोकाला आमचे वारसाप्रेमी. त्यांना त्या घरातला अंधार 'वातावरण' वाटतो. जुलैत तिथे राहून, चपलांवरची बुरशी पुसून, मग बोलावं.

मधला रस्ता आहे आणि तो खर्चिक नाही. चौक पुन्हा उघडणं, आवारावरचे पत्रे काढणं, काचेची कौलं बसवणं, मूळ खिडक्या दुरुस्त करणं, या कामांना किरकोळ दुरुस्ती धरून ठरावीक दिवसांत परवानगी मिळावी, आणि त्यासाठी घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या एका वारसाचा अर्ज पुरावा. त्याने वाटणीच्या हक्काला धक्का लागत नाही असं त्याच परवानगीत लिहावं. बांधीव क्षेत्रावर भाव ठरतो म्हणून लोक चौक झाकतात. जो उघडतो त्याला घरपट्टीत सूट द्यावी. उलट सामाईक भिंतीला, तुळईला, आतल्या आडव्या भिंतीला हात लावायचा असेल तर शेजाऱ्याच्या भिंतीची आधीची नि नंतरची पाहणी सक्तीची असावी, आणि जूनच्या एक तारखेला जी भिंत उघडी असेल ती झाकायची जबाबदारी उघडी करणाऱ्याची, ताडपत्रीवर भागणार नाही. गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आल्तिनोवर 1982पासून आहे. टेकडीच्या पायथ्याशीच ही घरं आहेत. दरवर्षी एका ओळीचे आडवे-उभे छेद विद्यार्थ्यांनी काढले तर दहा वर्षांत कुणाची तुळई कुणाच्या भिंतीत आहे याचा नकाशा पालिकेकडे असेल. आज तो फक्त दोन-तीन म्हाताऱ्या मेस्तांच्या डोक्यात आहे.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे, कारण माझ्याच भावाने तो घेतला: उद्या चौक उघडायची परवानगी घेऊन लोक घर पाडतील. पाडतील काही. पण आज परवानगी मिळत नाही म्हणून घरं आपोआप पडतात, त्याचं काय? पडलेल्या घराला कुणाची मंजुरी लागत नाही.

आमच्या घराचं असं झालं. भावाने एका डिझायनरकडून चित्रं करून घेतली होती, त्यात काळोखातल्या खोलीच्या जागी दुमजली काच होती. खर्चाचा आकडा ऐकून सगळे गप्प बसले. मग मेस्तला बोलावलं. तो आत आला, वर बघितलं, पत्र्याखालच्या भिंतीच्या माथ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, 'हांगा पावळी आशिल्ली.' म्हणजे इथे पावळी होती. भिंतीवर कौलांच्या जुन्या उताराची तिरकी खूण अजून होती, चुन्याच्या सहा-सात थरांखाली. आधी पत्रे तेवढे काढून बघू, असं ठरलं. आम्ही हात लावला नाही. सिमेंटचे जुने पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस, ते फोडायचे नसतात. ओले करून अख्खे उतरवले, त्यातच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या खोलीत ऊन आलं. कोब्यावर, जुन्या सायकलवर, पिवळ्या बल्बच्या वायरवर. भिंतींवर काजळीचे एवढे थर होते हे तेव्हा दिसलं.

सगळं छान झालं असं नाही. आमच्या काकींची कोठीची खोली गेली. पहिल्या पावसात पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, कारण बुजवलेली मोरी नक्की कुठून जाते ते कुणालाच आठवेना; शोधायला तीन जागी कोबा फोडावा लागला. मुंबईच्या काकांच्या मुलाने अजून सही केलेली नाही, त्यामुळे कागदावर तिथे स्वयंपाकघरच आहे. काकी आता दुपारी तिथेच खुर्ची टाकून तांदूळ निवडतात. त्यांची तक्रार एकच, कावळे सुपातले दाणे नेतात.